नांदवेलच्या भिंती

लिलाव पुन्हा रद्द झाल्याचं सांगायला लिक्विडेटर पळसुले स्वतः पुण्याहून आले होते. कळंब्याच्या पुढं नांदवेल हाइट्सची अर्धवट इमारत उभी होती. जिथं गाड्या लागायच्या होत्या तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि फ्लॅट बुक करून बसलेली माणसं आता त्या खुर्च्यांवर बसली होती. चहा ठेवला होता. कुणी हात लावला नाही.

"मोजमाप जुळलं नाही," पळसुले हातातल्या कागदाकडं बघत म्हणाले. "जाहिरातीत जे क्षेत्रफळ दिलं होतं त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी भरलं. फरक मर्यादेबाहेर गेला की खरेदीदाराला बोली मागं घेता येते. त्यांनी घेतली."

"गेल्या खेपेला बी हेच सांगितलंसा की!" लता पोवार उठून उभी राहिली. फ्लॅटवाल्यांच्या समितीची ती अध्यक्ष. राजारामपुरीत तिचं शिलाईचं दुकान होतं. "घर म्हंजे काय सुती परकर हाय व्हय, दर धुण्याला आटायला?"

लोक हसले. पळसुलेंचे कान लाल झाले. "यंत्रात दोष असावा. आम्ही तज्ज्ञ बोलावतोय. पुढची तारीख कळवू."

"तारीख कळवा. दुसरं काय येतंय तुम्हाला?" मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या रांगेत सर्जेराव इंगवले बसले होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी उशिरा सुटेल असं माइकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. खरं कारण माहीत नसलेला माणूस कागदाकडं बघून बोलतो, हे त्यांना पळसुलेंनी तोंड उघडताक्षणी कळलं. सगळ्यांसारखे तेही वैतागले होते. पण लिलाव रद्द म्हटल्यावर त्यांना हायसंही वाटलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. लिलाव रद्द, म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट अजून गेला नव्हता.

नांदवेल इन्फ्रा ही कंपनी जिवंत काँक्रीटवर मोठी झाली. मूळ कल्पना जुनीच. काही जिवाणू असे असतात की खायला मिळालं की ते चुनखडी तयार करतात. त्यांची बीजं काँक्रीटमध्ये मिसळायची आणि सोबत त्यांचं खाणं, म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट नावाचा क्षार. बीजं वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. भिंतीला तडा गेला, आत पाणी शिरलं, की उठतात, खातात आणि चुनखडीनं तडा बुजवतात. नांदवेलच्या प्रयोगशाळेनं याच्या पुढची पायरी गाठली. त्यांनी घडवलेले जिवाणू एकदा लॅक्टेटनं जागे झाले की पुढं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर काम करत. त्यामुळं भिंत पूर्ण जाडीची ओतायची गरज उरली नाही. पातळ भिंत उभी करायची, तिच्यातल्या बारीक नळ्यांतून लॅक्टेट सोडत राहायचं आणि तिला आपोआप जाड होऊ द्यायचं. हवी तेवढी झाली की खाणं बंद करायचं. भिंत झोपली. सिमेंट निम्म्याहून कमी लागायचं.

कंपनीनं राज्यभर अशा इमारती उभ्या केल्या. मग पैसा संपला आणि सगळीकडचं खाणं एकदम बंद पडलं. भिंती अर्ध्या वाढीवरच झोपल्या. कंपनी दिवाळखोरीत गेली, न्यायाधिकरणानं मालमत्ता विकायला पळसुलेंना लिक्विडेटर नेमलं आणि एकेक इमारत विक्रीला निघाली. नांदवेल हाइट्सच्या भिंती राहण्याजोग्या जाड नाहीत, तेव्हा ताबा कुणालाच द्यायचा नाही, असा निकाल झाला. एक संगणक कंपनी आतून लोखंडी सांगाडा घालून तिथं आपली यंत्रं ठेवणार होती. ती देईल त्यातून ज्याला त्याला हिस्सा. विक्री होत नाही तोवर हिस्सा नाही आणि घरकर्जातून सुटकाही नाही.

त्यामुळं इमारत एकदाची विकली जावी असं सगळ्यांना वाटत होतं. सर्जेरावांना वाटत नव्हतं. त्यांना ताबा हवा होता.

चारशे दोन नंबरचा फ्लॅट त्यांच्या बायकोनं, वैजयंतानं, निवडला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळंब्याचा तलाव दिसतो, एवढ्या एका गोष्टीवर. कंपनीनं ताब्याची पहिली तारीख चुकवली तेव्हा ती शेगडी, पातेलं आणि म्हशीचं दूध घेऊन तयार बसली होती. ताबा नाही म्हटल्यावर सर्जेराव चपला काढायला लागले.

"काढू नका," ती म्हणाली. "मी निघालो." कोल्हापूरच्या बायकांसारखी ती आलो, गेलोच म्हणायची. मुलगी पुण्याला राहून आले, गेले म्हणायला शिकली, पण हिनं काही बदललं नाही. "कंपनीचा कागद येईल तवा येईल. दूध उतू घालवलं की घर आपलं."

रखवालदाराच्या हातावर पेढे ठेवून ती जिने चढून गेली. दार नसलेल्या स्वयंपाकघरात जमिनीवर शेगडी मांडली, दूध उतू जाऊ दिलं आणि उरलेल्याचा चहा केला. भिंतीत खिळा ठोकून कॅलेंडरही लावलं. ते बघून बाकीच्या बायकाही पातेली घेऊन आल्या, आणि मग तशी रीतच पडली. तारीख पुढं ढकलली गेली की येत्या रविवारी सगळी इमारत दूध उतू घालवायची. लोक जितके जास्त चिडलेले तितकी पातेली मोठी.

वैजयंता गेल्या वर्षी गेली. मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, भांडी घासताना खाली बसली ती उठलीच नाही. त्यानंतर सर्जेराव एकटे जाऊन दूध उतू घालवायचे. चहा मात्र करायचे नाहीत.

*

पळसुलेंनी पाठवलेल्या तज्ज्ञ म्हणजे डॉक्टर नाझनीन मुजावर. मूळच्या मिरजेच्या, पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करायच्या. त्यांनी सगळ्या मजल्यांवर भिंतींना बारीक भोकं पाडून नमुने घेतले, आणि चारशे दोनमध्ये आल्या तेव्हा सर्जेराव मुद्दाम हजर राहिले. बाईंनी यंत्राच्या पडद्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं.

"काका, इथं दूध सांडलंय का?"

"सांडलं न्हाई. उतू घालवलं."

"कधी?"

"तारीख पडंल तवा. सगळेच घालवतात."

बाई डोक्याला हात लावून खाली बसल्या. "अहो, अख्ख्या पुण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही यंत्रं तपासत बसलो होतो!"

त्यांनी समजावून सांगितलं. दूध जमिनीत मुरतं आणि आंबतं. आंबलं की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं. दह्याला आंबटपणा येतो तो त्याचाच. काँक्रीटमध्ये चुना असतोच. आम्लाला चुना मिळाला की कॅल्शियम लॅक्टेट. कंपनी नळीतून जे सोडायची तेच या लोकांनी पातेल्यातून दिलं होतं. "एवढ्याशा दुधानं भिंत वाढत नाही, पण जिवाणू जागे होतात. जागे झाले की हवेवर जगतात आणि कित्येक महिने काम करत राहतात. भिंत आतल्या बाजूला जाड होते, खोली लहान होते. मग मोजणीवाले येतात, आकडा जुळत नाही, तारीख पडते, आणि तुम्ही परत दूध घेऊन येता."

सर्जेरावांनी भिंतीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "भिंत पुरेशी जाड झाली तर ऱ्हाता येईल?"

"या स्वयंपाकघरात येईल. इथली भिंत जेवढी व्हायला हवी होती तेवढी झालीय." बाईंनी शेजारच्या खोलीकडं बोट दाखवलं. "पण ती खोली बघा. आणि खालचे मजले? नुसत्या स्वयंपाकघरांवर इमारत उभी राहत नाही, काका."

"आन् दूध बंद केलं तर?"

"उन्हाळा संपेपर्यंत झोपतील सगळे. मग मोजमाप हलणार नाही, विक्री होऊन जाईल."

सर्जेरावांनी खिडकीबाहेर बघितलं. तलावाचं पाणी खाली गेलं होतं. "तुमचा रिपोर्ट जरा उशिरा दिला तर चालंल का?"

"उशिरा?" बाई उठल्या. "या इमारतीत उभं राहून तुम्ही मला उशीर करायला सांगताय? रिपोर्ट मी उद्याच देणार. पण एक सांगते. पळसुलेंनी सांगितलं तर लोक ऐकणार नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."



*

आठवड्याभरात फाटकावर फलक लागला. लता पोवारनं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "इमारतीत दूध व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास सक्त मनाई! बघा. आधी म्हणला साहेब रजेवर, मग म्हणला मशीन बिघडलं, आता म्हणं आमचं दूध वाईट. उद्या म्हणंल, तुम्ही भाकरी खाऊन चढला म्हणून जिना वाकला."

"पळसुल्याला नेऊन बसवा दूध कट्ट्यावर, म्हशीपाशी," एकजण म्हणाला. "एक धारोष्ण गिलास पोटात गेला की डोस्कं ठिकाणावर येईल."

"पण डॉक्टर बाई बोलली म्हणं तसं," लताचा नवरा दबकत म्हणाला.

"बाईला पगार कोण देतंय? पळसुल्याच न्हवं?" लता वळली. "इंगवलेकाका, तुमच्या किचनमधीच जास्त वेळ हुती ती. खरं हाय का हे?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. सर्जेरावांच्या ओठावर खरं उत्तर आलं होतं. "मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले.

तेवढं पुरलं. त्या रविवारी लोकांनी हट्टानं दूध आणलं, पातेल्यांनी नाही, कॅननी. रखवालदारानं फाटक लावलं तर दोघातिघांनी ते बिजागरीसकट उचलून बाजूला ठेवलं. प्रत्येक मजल्यावर शेगड्या लागल्या. जिन्यावरून दुधाचा ओघळ खालपर्यंत आला. सर्जेरावांनीही आपल्या स्वयंपाकघरात दूध उतू घालवलं, पण एकदाही भिंतीकडं बघितलं नाही.

पुढची मोजणी झाली तेव्हा इतका फरक पडला की खरेदीदारानं पळसुलेंचा फोन घेणंच बंद केलं. लिलाव बेमुदत पुढं गेला.

त्या दिवशी पुण्याहून केतकीचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला.

"पप्पा, विकू दे ना ते. माझ्याकडं या. किती दिवस त्या दोन खोल्यांत एकटे बसणार?"

"ताबा मिळाल्याशिवाय न्हाई."

"घर आईला हवं होतं. आई गेली. तुम्हाला काय हवंय?"

"ताबा."

"कशाचा, पप्पा?"

त्यांनी फोन ठेवून दिला. मुलीचा राग आला, पळसुलेंचा आला, मुजावरबाईंचा आला. सगळ्यात जास्त राग वैजयंताचा आला, कारण अजून तिथं राहायला जायच्या आधीच ती निघून गेली होती आणि आता भांडायलाही कुणी नव्हतं.

*

लता पोवार घरी आली ती दुपारची. दारातच म्हणाली, "चहा नको. बसायला बी येळ न्हाई." आणि बसली.

"काका, येत्या रविवारी मोठं करायचं ठरवलंय. सगळ्यांनी खाली पार्किंगमधी जमायचं, एकदम दूध चढवायचं, आन् पेपरवाले बोलवायचे. पहिली शेगडी तुम्ही पेटवायची. वैजूकाकीनं सुरू केलंय हे, तिच्या हाताचा गुण हाय."

सर्जेराव म्हणाले, "गुण कसला, लता? तारखा तर पडायल्यात."

"पडंनात का. कायतरी करायला तर मिळतंय." ती पदरानं वारा घेत राहिली. मग आवाज उतरला. "खरं सांगू? मला ते घर नको झालंय. सासऱ्यांच्या घराच्या वाटण्या झाल्या, आमच्या वाटणीला दुकान आलं. रात्री मी, हे आन् दोन पोरी, चौघं दुकानातच. पोरी कटिंगच्या टेबलावर झोपत्यात. मोठी आता मोठी झाली, कापडं बदलायला शेजारच्या सोनारणीकडं जाती. दुसरी एखादी खोली घ्यायची म्हटलं तर बँक म्हणती आधी नांदवेल सुटू दे. मला तलाव बिलाव दिसायला नको, काका. आतनं कडी लागंल असं एक दार पायजे. ते इकलं की मिळंल."

"मिळंल," सर्जेराव म्हणाले.

"मग येताय न्हवं रविवारी?"

"येतो."

*

पार्किंगमध्ये शेगड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पातेल्यांत दूध ओतून झालं होतं. लोक गणपतीच्या आरतीला उभे राहावेत तसे उभे होते. लतानं सर्जेरावांच्या हातात लायटर दिला. फक्त पेटवायचं होतं. पेटवलं असतं तर आणखी वर्षभर तरी चारशे दोन कुणी विकू शकलं नसतं.

"दूध परत न्या," सर्जेराव म्हणाले.

"काय म्हणला?"

"मुजावरबाई बोलली ते खरं हाय. आपल्या दुधानंच भिंती वाढायल्यात. म्हणून माप जुळत न्हाई."

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मग मागून एकजण ओरडला, "पळसुल्यानं काय दिलं वो, काका? दोन फ्लॅट?"

"वर चला," सर्जेराव म्हणाले. "बघा, मग काय बोलायचं ते बोला."

लता आणि आणखी दहाबारा जण त्यांच्या मागं जिना चढले. चारशे दोनच्या स्वयंपाकघरात वैजयंतानं लावलेलं कॅलेंडर होतं. त्याचा खिळा दिसत नव्हता. भिंत खिळ्यावरून पुढं आली होती आणि कॅलेंडरची वरची पत्र्याची पट्टी तिनं निम्मी आत घेतली होती. सर्जेरावांनी कॅलेंडर ओढून दाखवलं. फाटलं, पण निघालं नाही.

"खिळा बोटभर बाहेर हुता," ते म्हणाले. "आता हितं वाजव. आन् मग त्या खोलीत वाजव. त्या खोलीत कुणी कधी दूध घातलं न्हाई."

लतानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर मूठ आपटली. दगडावर आपटावी तसा बद्द आवाज आला. मग ती शेजारच्या खोलीत गेली. तिथून पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा आवाज आला. तिनं पुन्हा वाजवलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"तुम्हाला कवापासनं म्हाईत?"

"बाई भोकं पाडायला आली हुती तवापासनं."

"म्हंजे मी फाटकाजवळ इचारलं तवा म्हाईत हुतं."

"हो."

"आन् कॅन भरून दूध आणलं तवा बी."

"हो. विकलं जाऊ नये असं वाटत हुतं मला." ते खिडकीकडं बघून बोलत होते, मग तिच्याकडं वळले. "अजून बी वाटतंय."

लता रडली नाही, ओरडलीही नाही. ती शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. "आमची एक आख्खी तारीख तुम्ही खाल्लीसा, काका," ती म्हणाली. "पळसुल्यानं खाल्ली तर शिव्या घालता येतात. तुम्हाला काय घालू?"

ती खाली गेली. एकेक करून बाकीचेही गेले. थोड्या वेळानं खालून पातेली उचलल्याचे आवाज आले. कुणीतरी म्हणत होतं, एवढ्या दुधाचं करायचं काय. दुसरं कुणीतरी बासुंदी म्हणालं आणि त्याच्यावर तीनचार जण एकदम खेकसले. शेगडी एकही पेटली नाही.

*

कॅनमधल्या दुधानं भिंती आणखी काही महिने जाग्या ठेवल्या, पण पावसाळा संपायच्या आत त्या झोपल्या. मोजमाप एकदा झालं, पडताळा म्हणून पुन्हा झालं, आकडा हलला नाही. तरी मध्ये पळसुलेंनी दोन तारखा घालवल्याच. एकदा कुणाची तरी सही राहिली म्हणून आणि एकदा काहीच कारण न सांगता. शेवटी इमारत विकली गेली.

सह्यांच्या दिवशी त्याच पार्किंगमध्ये टेबल मांडलं होतं आणि रांग लागली होती. केतकी गाडी घेऊन पुण्याहून आली होती, फाटकाबाहेर थांबली होती. रांगेत सर्जेरावांच्या मागं लता पोवार उभी होती. त्या रविवारपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

मुजावरबाईही आल्या होत्या. त्या सर्जेरावांजवळ आल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या हातात दिलं. उघडलं तर तळहाताएवढा काँक्रीटचा तुकडा निघाला.

"सांगाड्यासाठी भिंती कापायला सुरुवात झालीय, काका. हा चारशे दोनच्या स्वयंपाकघरातला. मी मागून घेतला तुमच्यासाठी."

सर्जेरावांनी तुकडा उलटासुलटा करून बघितला. "झोपलेत हे?"

"हो. कोरडा ठेवलात तर तुमच्या नातवंडांच्या हयातीतही झोपलेले राहतील. दुधाचा थेंब लागला तर उठतील."

त्यांनी तो कागदात पुन्हा गुंडाळला आणि बाईंच्या हातात ठेवला. "नको. घरात असला तर एखाद्या दिवशी मी घालीनच दूध."

बाईंनी आग्रह केला नाही.

रांग पुढं सरकली. पळसुलेंनी कागद समोर ठेवला आणि कुठं सही करायची त्यावर बोट ठेवलं. सर्जेरावांनी चष्मा लावून वाचलं. सदर सदनिकेचा ताबा मी स्वखुशीने सोडत आहे.

"ताबा मिळाला कधी, साहेब?"

"सगळ्यांना एकच मसुदा आहे, इंगवलेकाका. बदलायचा म्हटला तर परत न्यायाधिकरणाकडं जावं लागेल."

सर्जेराव पेन हातात धरून त्या ओळीकडं बघत राहिले. मिळाला नाही ते सोडलं असं लिहून द्यायचं, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं. तोंडात दोनतीन वाक्यं तयार झाली. एसटीतल्या साहेबांना सुनवायचे तशी.

"सही करा, काका," मागून लता म्हणाली. "लोक खोळंबल्यात."

त्यांनी सही केली आणि तिला पुढं यायला जागा करून दिली.